ब्राउनी केकसारखी होते, गच्च कशी करायची?

नेरुळवाली: चव छान येते, पण पोत स्पंज केकचा. लेकीला दाताला चिकटणारी हवी. मैदा 150 ग्रॅम, बटर 100, अंडी 2, बेकिंग पावडर 1 चमचा. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. काय बदलू?

नौपाडा_किचन: आधी ती बेकिंग पावडर कपाटात ठेवा! ब्राउनी फुगवायचीच नाहीये. 8 इंची चौकोनी टिनला मैदा 70 ग्रॅम पुरे. डार्क चॉकलेट 170, बटर 115, साखर 200, अंडी 2, चिमूटभर मीठ. अंडी-साखर पांढरट, दाट होईस्तोवर फेटा. वरचा चकचकीत पापुद्रा त्यानेच येतो. मैदा घातल्यावर मात्र हात आवरा, नुसतं खालून वर कालवा. 175 अंशांवर साधारण 25 मिनिटं. मधोमध काडी खुपसून बघा, तिला ओलसर कण चिकटले की लगेच बाहेर. काडी कोरडी निघाली म्हणजे झाला तुमचा केक.

घोडबंदर_रोड: ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला चॉकलेटची लादी घ्याल तर पाकीट उलटून वाचा. कोको बटरऐवजी वनस्पती तूप लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. स्वस्त पडतं, पण जिभेवर मेणचट लागतं.

खारघरकर: आमच्याकडे श्रावणात अंडं नाही. दही चालेल?

नौपाडा_किचन: चालेल, एका अंड्याला पाव वाटी घट्ट दही. पापुद्र्याची आशा सोडा फक्त.

नेरुळवाली: आणि गरमच कापायची ना?

नौपाडा_किचन: अजिबात नाही हो! पूर्ण गार करा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. लेकीला तोवर क्लासला पाठवा.