कॅनव्हास तिरका झालाय, काय करू?

ताई: फोटो पाठवलाय बघा. नीडलपॉइंटचं, म्हणजे जाळीच्या कॅनव्हासवर लोकरीने भरायचं उशीचं कव्हर भरून झालं, पण चौकोन राहिलाच नाही, पतंगासारखा तिरका झालाय. तसंच शिवायला घेऊ का?

मामी: अगं, रंग काय सुरेख जमलेत!

मावशी: थांब, शिवू नकोस. आधी उलट बाजू दाखव.

ताई: हे घे.

मावशी: वाटलंच मला. सगळी बॅकग्राउंड काँटिनेंटल टाक्याने, म्हणजे सरळ ओळीत एकापुढे एक तिरपे टाके घालत भरलीस. तो टाका कॅनव्हासला एकाच बाजूला ओढतो. एवढे टाके मिळून ओढायला लागल्यावर कापड तिरकं होणारच. त्यात तुझा हात घट्ट.

दादा: म्हणजे सगळं उसवायचं?

मावशी: तू गप रे. एकही टाका उसवायचा नाही. ब्लॉकिंग करायचं, म्हणजे काम दमट करून, ताणून टाचायचं आणि तसंच वाळू द्यायचं. पण पाणी लावायच्या आधी रंग तपास. ओला पांढरा कपडा प्रत्येक गडद रंगावर मागून दाबून धर. डाग आला तर पाणी अजिबात नको. रेशीम किंवा जरीचा धागा असेल तरीही नको.

ताई: लोकरच आहे सगळी.

मावशी: मग सोपं आहे. मऊ फळीवर स्वच्छ कापड पसर, त्यावर हव्या त्या मापाचा चौकोन पेन्सिलने आख. काम पाणी फवारून दमट कर, चिंब नको. ज्या बाजूला तिरकं झालंय त्याच्या उलट, कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढ. सुलट बाजू खाली ठेव आणि टाचण्या फक्त कडेच्या कोऱ्या कॅनव्हासमध्ये, दोन-दोन सेंटीमीटरवर लाव. न गंजणाऱ्याच घे हं, नाहीतर गंजाचे ठिपके कायमचे. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. दीड-दोन दिवससुद्धा लागतात. घाई झाली म्हणून इस्त्री फिरवू नकोस.

ताई: एकदा करून सरळ नाही झालं तर?

मावशी: पुन्हा कर. फार तिरकं असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.

छोटी: मावशी, पुढच्या वेळी असं होऊच नये म्हणून?

मावशी: बास्केटवीव्हचा टाका घालायचा. मोठ्या भागाला दुसरं काही वापरूच नये, असं माझं ठाम मत. तिरप्या ओळी एकदा वरून खाली, एकदा खालून वर, म्हणजे मागे चटईची वीण दिसते आणि कॅनव्हास फार ओढला जात नाही. तुझ्या साध्या मोनो, म्हणजे एकेरी धाग्यांच्या कॅनव्हासवर नीट बघ, जिथे दोन धागे एकमेकांना ओलांडतात तिथे कधी उभा धागा वर असतो, कधी आडवा. उभा वर दिसला की ओळ खाली उतरायची, आडवा दिसला की वर चढायची. मध्येच काम सोडलं तरी पुन्हा कुठून सुरू करायचं ते कळतं. लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने गेल्या तर समोरून रेघ उठून दिसते.

आजी: आणि सुई रिकाम्या भोकातून वर काढायची, भरलेल्या भोकात खाली घालायची. म्हणजे शेजारच्या टाक्याचे तंतू वर ओढले जात नाहीत. धागा हातभरच घ्यावा. कॅनव्हासमधून जाता-येता घासून पातळ होतो तो.

छोटी: आजी, धागा सारखा पिळतो.

आजी: सुई खाली लोंबकळू दे, पीळ आपोआप सुटतो.

छोटी: आणि एका फुलाचा रंगच चुकला असेल तर? सुई उलटी घालत परत येऊ का?

मावशी: तीन-चार टाके असतील तर ठीक. पण तेव्हाही सुईतून धागा काढ आणि एकेक टाका मागे ओढ. सुई उलटी घातलीस तर दुसऱ्या धाग्यातून आरपार जाते. जास्त असेल तर बारीक टोकाच्या कात्रीने एकेक टाका उचलून काप आणि चिमट्याने तुकडे काढ. दोन्ही बाजूंचे थोडे चांगले टाकेही उसव, म्हणजे सुटलेली टोकं मागे अडकवता येतील. उसवलेला धागा पुन्हा वापरायचा नाही.

ताई: कात्रीने कॅनव्हासच कापला गेला तर?

मावशी: त्याच मापाच्या कॅनव्हासचा तुकडा मागे लाव, भोकावर भोक जुळव आणि दोन्हीतून एकत्र भर. समोरून पत्ता लागत नाही.

मामी: आता माझं ऐका. प्रत्येक कामाची उशी नाहीतर भिंतीवरची फ्रेमच का? घर भरलंय त्यांनी! लहान तुकड्यांची चष्म्याची घरं करा, डबीचं झाकण, बॅगेचा फ्लॅप, कमरेचा पट्टा. विटेला जाड कापड गुंडाळून वरून भरलेलं कव्हर चढवलं की दार अडवायला झकास.

दादा: वीट मी आणतो 😄

ताई: मामी, कडेला पांढरा कॅनव्हास डोकावतो त्याचं काय?

मामी: भरतानाच चारही बाजूंना दोन ओळी जास्त भरायच्या आणि मशीनची शिवण त्या ओळींच्या आत घालायची. चष्म्याच्या घराला तर मशीनही नको. कड दुमडून भोकं जुळव आणि त्याच लोकरीने बाइंडिंग टाका घाल, वेणीसारखी कड येते. अस्तर मात्र मागाहून, हाताने.

ताई: अस्तर चिकटवलं तर चालेल ना?

मावशी: गोंदाला हात लावलास तर बघ!