घोडी प्रत्येक गोष्टीला बुजते, उपाय हवा (लवकर)

निरेकाठचा | २२ जानेवारी, रात्री १०:४०
घोडी आहे. फार बुजते. आधी एवढं नव्हतं. रस्त्याकडेच्या रानात मल्चिंग पेपरचं (वाफ्यावर अंथरायच्या प्लॅस्टिकचं) सुटलेलं टोक वाऱ्याने फडफडलं की चारी पाय रोवून उभी राहते, नाकातून फुर्रर्र करते आणि एकदम आडवी उडी. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन समोरून आला की संपलंच. परवा मला बांधावर टाकून एकटी घरी गेली. खोगीर तिच्या पोटाखाली आणि मी मागून चालत. भावकीतल्या पोरांनी व्हिडिओ काढला. ज्यांनी स्वतः घोडा सांभाळलाय त्यांनीच सांगा. ‘प्रेम द्या’ वगैरे नको. १९ फेब्रुवारीच्या आत फरक पडला पाहिजे.

मंजिरी_क | २२ जानेवारी, रात्री ११:०५
वय? जात? कुठून आणली, किती दिवस झाले? तुम्ही स्वतः किती वर्षं रपेट करताय? खायला काय देता? आणि पडलात तेव्हा हेल्मेट होतं का?

पागावाला | २२ जानेवारी, रात्री ११:२०
बाकी सगळं नंतर. भोवरे कुठे कुठे आहेत ते आधी सांगा.

निरेकाठचा | २३ जानेवारी, सकाळी ६:१५
मारवाडी. रंग कुम्मेत (तांबूस, आयाळ काळी). साडेपाच वर्षं. गेल्याच्या गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याहून आणली. कपाळावर एकच भोवरा, गळ्याला देवमण (शुभ मानतात तो भोवरा) आहे, चार जाणत्यांनी बघून घेतलीय. मी लहानपणापासून बसतो. हेल्मेट नव्हतं. खाणं भरपूर आहे. उपाय?

पागावाला | २३ जानेवारी, सकाळी ८:४०
देवमण असलेलं जनावर धन्याला पाडत नाही. बघणाऱ्यांची चूक झालीय. फोटो टाका.

चष्मेबद्दूर | २३ जानेवारी, सकाळी ९:०२
केसांच्या वळणाचा आणि मल्चिंग पेपरचा संबंध कुणी समजावून सांगेल का? मी आपला खुर्ची ओढून बसतो.

पागावाला | २३ जानेवारी, सकाळी ९:३०
ज्यांनी आयुष्यात फक्त माथेरानचा घोडा बघितला त्यांना नाही समजणार.

न्यूजर्सीकर | २३ जानेवारी, सकाळी ९:४५
इकडे आमच्या बार्नवर माझी मुलगी तीन वर्षं शिकतेय, त्यामुळे बरंच जवळून पाहिलंय. तुमच्या घोडीचा तुमच्यावर विश्वास नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे. तिला राउंड पेनमध्ये मोकळी सोडा, तुम्ही मधे उभे राहा, ती आपणहून तुमच्याकडे येईपर्यंत थांबा. दोन आठवड्यांत वेगळी घोडी दिसेल.

निरेकाठचा | २३ जानेवारी, दुपारी १:१०
राउंड पेन म्हणजे गोल कुंपण, मोबाइलवर बघितलं. माझ्याकडे गोठा आहे आणि बाकी सगळा ऊस आहे. उसात सोडू का?

कर्नल_काका | २३ जानेवारी, दुपारी ४:००
खडकवासल्याला एनडीएत घोड्यावर बसायला शिकलो, तेव्हा आमच्या उस्तादांचा एक नियम होता. भीतीची वस्तू घोड्याच्या अंगावर आणायची नाही, घोड्याला तिच्या मागे लावायचं. ट्रॅक्टर समोरून येतोय म्हणजे तिच्या लेखी तिच्यावर चालून येतोय. ओळखीच्या कुणाला तरी रिकामा ट्रॅक्टर अगदी सावकाश पुढे न्यायला सांगा आणि तुम्ही घोडी हातात धरून पन्नास पावलं मागून चाला. जे आपल्यापासून लांब चाललंय त्याला जनावर घाबरत नाही, उलट बघायला जातं. चारपाच दिवसांत अंतर आपोआप कमी होईल. मग बाजूने, आणि समोरून अगदी शेवटी.

बसण्याआधी दहा मिनिटं लांब दोरीवर दोन्ही हातांना कावा द्या, म्हणजे आपल्याभोवती गोल फिरवा. अंगातली रग निघते आणि तिचं लक्ष तुमच्याकडे येतं.

आणखी एक. ट्रॅक्टर दिसल्यावर लगाम आधी कोण आखडतं, तुम्ही की ती? प्रामाणिक उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल.

पागावाला | २३ जानेवारी, सायंकाळी ५:१५
एवढं कोण करत बसतंय! काटेरी लगाम घाला, दोन दिवसांत सरळ. कानात कापूस, डोळ्याला झापड. वरातीच्या घोड्या उभ्या राहतातच ना डीजेसमोर?

गुरांचा_डॉक्टर | २३ जानेवारी, रात्री ९:५०
काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे, हे एक. दुसरं म्हणजे तो घातल्यावर तिला ट्रॅक्टर आला की तोंडात कळ येते एवढंच कळेल. पुढच्या वेळी ट्रॅक्टरचा आवाज लांबून आला तरी उधळेल. झापडेचंही तेच. जिला दिसत नाही तिला आवाज दुप्पट मोठा वाटतो.

धागाकर्ते, ‘खाणं भरपूर आहे’ म्हणजे काय काय आणि किती? दिवसातून किती तास बांधलेली असते? दात आणि डोळे शेवटचे कधी तपासलेत? बुजते ती एकाच बाजूच्या वस्तूला की दोन्ही?

रसिका१२ | २३ जानेवारी, रात्री १०:३०
अश्वगंधा देऊन बघा. नावातच अश्व आहे.

चष्मेबद्दूर | २३ जानेवारी, रात्री १०:३४
मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून ते नाव आहे हो. घोड्यासाठी आहे म्हणून नव्हे. (हलकंच घ्या)

रसिका१२ | २३ जानेवारी, रात्री १०:५०
मला झोपेसाठी खूप फरक पडला. गायीच्या दुधातून घ्यायची, चहावर नाही.

निरेकाठचा | २४ जानेवारी, सकाळी ६:०५
डॉक्टरसाहेब, सकाळी दोन किलो भिजवलेला हरभरा, संध्याकाळी दोन किलो हरभरा-मक्याचा भरडा, गूळ. कडब्याची एक पेंढी सकाळी, एक रात्री. बांधलेलीच असते, रपेटीचा तासभर सोडून. दात माहीत नाही. डोळे चांगले टपोरे आहेत. बुजते दोन्ही बाजूंना. जाताना ज्या पेपरशेजारून गेली त्यालाच येताना पुन्हा बुजते, म्हणजे मुद्दाम करते.

गुरांचा_डॉक्टर | २४ जानेवारी, दुपारी २:२०
मुद्दाम नाही. जाताना पेपर एका बाजूने दिसला, येताना उलट्या बाजूने तोच तिला नवा वाटू शकतो. म्हणून प्रत्येक वस्तू दोन्ही अंगांनी दाखवायची, एकदा दाखवली म्हणजे झालं असं नसतं.

खाण्याबद्दल मात्र बोलणं भाग आहे. चार किलो दाणा आणि तेवीस तास खुंटा, मग आणि काय होणार? घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, खाणं चालू असो वा नसो. वैरण संपून सहासात तास झाले की रिकाम्या पोटात तेच आम्ल आतून जाळतं, व्रण होतात, आणि असं जनावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की कान मागे टाकतं. ती टाकते का? वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण लागते. साडेतीनशे किलोची धरली तर पाच ते सात किलो, आणि तीही दिवसभरात पाच-सहा वेळा थोडी थोडी. दाणा हळूहळू निम्म्यावर आणा. एकदम बंद करू नका, पोटशूळ उठेल. जवळच्या पशुवैद्यकाला दात आणि डोळे दाखवाच. बाहेरून टपोरे असलेले डोळेही आतून खराब असू शकतात.

मंजिरी_क | २४ जानेवारी, दुपारी ३:००
+१. आणि ‘आधी एवढं नव्हतं’ हे कळीचं आहे. आधी म्हणजे नक्की कधीपर्यंत?

निरेकाठचा | २४ जानेवारी, रात्री ८:४५
तंग आवळताना कान मागे टाकते, हो. चावायलाही येते. ती सवय समजत होतो.

दिवाळीपर्यंत ठीक होती. पाडव्याला म्हातारा घोडा अकलूजच्या बाजारात विकला, दोघांची वैरण परवडत नव्हती. मग ऊसतोड सुरू झाली आणि ट्रॅक्टर वाढले. ट्रॅक्टरमुळेच बिघडली.

मंजिरी_क | २४ जानेवारी, रात्री ८:५२
कुठला म्हातारा घोडा??

निरेकाठचा | २४ जानेवारी, रात्री ९:१०
बाजी. वडिलांच्या वेळचा, खच्ची केलेला. शेजारच्या खुंट्याला असायचा. त्याचा इथे काय संबंध?

मंजिरी_क | २४ जानेवारी, रात्री ९:४०
अहो दादा, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं!

ती वर्षभर त्याच्या जिवावर धीट होती. कळपातलं जनावर आहे. शेजारचा म्हातारा ट्रॅक्टरकडे मान वळवून न बघता कडबा चघळत राहिला की तिला कळायचं, काही नाही, खाऊन घे. आता पहारा तिला एकटीला करावा लागतो, रात्रभरसुद्धा. ती आडवी होऊन झोपते का हो? सकाळी अंगाला शेण-माती लागलेली असते का ते बघा.

माझ्याकडे रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड होता. त्याला निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाची धास्ती, फक्त निळ्या. शेजारची जुनी घोडी दुसऱ्या तबेल्यात हलवली तेव्हापासून हे सुरू झालं. पिंप आडवं पाडून त्यावर गाजरं ठेवणं, लांबून दाखवून परत फिरणं, सगळं केलं. ज्या क्षणी त्याचे कान ताठ होत तिथेच थांबायचं, पुढे ओढायचं नाही. मान खाली आली, ओठ चघळले, लांब श्वास सोडला की आपण मागे वळायचं. त्याने वळायच्या आत. त्याने आधी वळवलं तर तो शिकतो की पळाल्याने सुटका होते. दीड महिना लागला. पण खरा फरक सोबत आणल्यावर पडला.

न्यूजर्सीकर | २४ जानेवारी, रात्री १०:१५
मी विश्वासाचा मुद्दा मांडला होता तो हाच.

मंजिरी_क | २४ जानेवारी, रात्री १०:१८
नाही.

निरेकाठचा | २५ जानेवारी, सकाळी ६:२०
शेण-माती लागत नाही. स्वच्छ असते. मला वाटायचं जनावर स्वच्छतेचं आहे.
दुसरा घोडा घ्यायला पैसे नाहीत.

आजोळ | २५ जानेवारी, सकाळी ७:३०
शेळी बांधा. रेसच्या घोड्यांच्या ठाणात बिथरलेल्या जनावराशेजारी शेळी ठेवायची पद्धत फार जुनी आहे. आठवडी बाजारात मिळेल. गाभण बघून घ्या, दुधाचंही काम होईल.

कर्नल_काका | २५ जानेवारी, सकाळी ९:००
शेळी चालेल, पण जपून. मग घोडी शेळीला चिकटते. ती भानगड वेगळीच.

चिंटूची_आई | २५ जानेवारी, दुपारी १२:१०
पुण्यात सात वर्षांच्या मुलाला घोडेस्वारी कुठे शिकवतात? फी साधारण किती? विचारायचं होतं, हा धागा दिसला.

कर्नल_काका | २५ जानेवारी, दुपारी १२:४०
धागाकर्ते, १९ फेब्रुवारीची तारीख का घातलीत? शिवजयंतीच्या मिरवणुकीत नेणार आहात का तिला?

निरेकाठचा | २५ जानेवारी, रात्री ८:००
हो. मावळ्याचा पोशाख शिवून झालाय.

गुरांचा_डॉक्टर | २५ जानेवारी, रात्री ८:०६
डीजे, फटाके, भंडारा, मधे लहान पोरं. आणि मल्चिंग पेपरला बुजणारी घोडी. कृपा करा.

पागावाला | २५ जानेवारी, रात्री ८:३०
इंजेक्शन देऊन नेतात. सगळेच देतात.

गुरांचा_डॉक्टर | २५ जानेवारी, रात्री ८:४१
गुंगीच्या औषधात पाय लटपटतात, आणि मोठ्या आवाजाला तशा अवस्थेतही जनावर एकदम उसळू शकतं. गर्दीत ते कुणाच्या अंगावर पडेल? डॉक्टरशिवाय असलं काही टोचलंत तर इथे येऊन विचारू नका.

चष्मेबद्दूर | २५ जानेवारी, रात्री ९:१५
अवांतर: मुंबई पोलिसांनी १९३२ मध्ये बंद केलेलं घोड्यांचं पथक २०२० मध्ये पुन्हा उभं केलं. तिथल्या घोड्यांनाही गर्दीची सवय करावीच लागते, आणि ती तीन आठवड्यांत होत नसावी.

पागावाला | २५ जानेवारी, रात्री ९:२०
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

निरेकाठचा | २१ फेब्रुवारी, रात्री ९:३०
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

दात दाखवले. मागच्या दाढांना बाहेरून धार आली होती, गालाला आतून जखमा होत्या. डॉक्टरांनी कानशीने घासून दिल्या. डोळे चांगले निघाले. हरभरा दोन किलोवर आणला, कडब्याबरोबर मारवेल गवत विकत घेतोय, आता दिवसातून पाच वेळा टाकतो. तंगाला कान मागे टाकणं पुष्कळ कमी झालंय.

आजोळ यांचं ऐकून २८ तारखेला शेळी आणली. पहिल्या रात्री घोडीने तिला कोपऱ्यात दाबलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो तर घोडी आडवी पडलेली. पोटात धस्स झालं, वाटलं शूळ उठला. जवळ गेलो तर घोरत होती, आणि शेळी तिच्या पाठीला टेकून रवंथ करत बसलेली. उठली तेव्हा कुशीला शेण लागलेलं होतं. खरारा करताना पहिल्यांदा बरं वाटलं.

चुलतभावाचा ट्रॅक्टर घेऊन मागून चाललो, कर्नल काकांनी सांगितलं तसं. आठव्या दिवशी तिने चालत्या ट्रॉलीतलं वाढं ओढून खाल्लं. समोरून आलेल्याला अजून थबकते पण उडी मारत नाही. लगाम आधी मीच आखडतो, बघितलं. मल्चिंग पेपरचं मात्र फक्त येताना जमतंय, जाताना नाही.

मिरवणुकीत नेली नाही. पोशाख घालून पायी चाललो.

आता नवीन प्रश्न. शेळी दिसेनाशी झाली की घोडी फाटकाबाहेर पाय टाकत नाही. किंचाळते. काय करावं?

कर्नल_काका | २१ फेब्रुवारी, रात्री ९:५०
सांगितलं होतं.

मंजिरी_क | २१ फेब्रुवारी, रात्री १०:०५
घाई नको. रोज दोन मिनिटं लांब न्या आणि ती ओरडायच्या आत परत आणा. मग चार मिनिटं. तोवर शेळीला बरोबर घेऊन रपेटीला जा.

निरेकाठचा | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:१०
सध्या तेच चाललंय. मी वर, पोरगा शेळीची दोरी धरून पुढे. भावकीतल्या पोरांनी त्याचाही व्हिडिओ काढलाय.

आजोळ | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:००
गाभण होती का?