फंक्शनच्या 'रेंज'ला मराठीत काय लिहावं?

मास्तर_अचलपूर
अकरावीच्या फंक्शन्सची टिपणं मराठीतून काढतोय. आमची बहुतेक पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमात असतात, सायन्सला आली की एका सुट्टीत सगळं इंग्रजी होतं. डोमेनला, म्हणजे फंक्शनमध्ये ज्या किमती घालतो त्यांच्या संचाला, 'प्रांत' लिहिलं, निभावलं. अडलंय रेंजपाशी. 'विस्तार' लिहिलं की पोरं कंस सोडवायला घेतात, कारण आठवीत विस्तार सूत्रं केलेली. 'परिसर' हा हिंदी पुस्तकांतला शब्द, पण त्यावर त्यांना परिसर अभ्यास आठवतो.

उदाहरण मी एस.टी.चं देतो, कारण अर्धा वर्ग त्याच गाडीनं येतो. ६ किलोमीटरचा एक टप्पा, भाडं टप्प्यावर. १३ किलोमीटरवर उतरा की १७ वर, टप्पे तीनच, तिकीट तेवढंच. अंतर सांगितलं की भाडं एकच निघतं, म्हणून फंक्शन. उलट नुसतं तिकीट पाहून कुठलं गाव ते सांगता येत नाही, म्हणून व्यस्त फंक्शन नाही. कंडक्टर वाटेल ती रक्कम फाडत नाही, तक्त्यात आहेत तेवढ्याच रकमा तिकिटावर येतात. त्या रकमांच्या संचाला शब्द हवाय.

जंगलवाट
सर, आमच्या मेळघाटात हा शब्द कधीचा सरकारी मराठीत आलेला आहे. रेंज फॉरेस्ट ऑफिसर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. 'परिक्षेत्र' घ्या. बोलताना मात्र सगळे 'रेंजर'च म्हणतात, पाटीवरचा शब्द पाटीवरच राहतो.

वर्धा_वाचक
रेंजचं नंतर बघू. आधी 'फंक्शन' कशाला ठेवलंत? 'फलन' हा चांगला रुळलेला शब्द आहे. तुम्हीच इंग्रजी धरून बसलात तर पोरांनी मराठी शिकायची कोणाकडून?

जुनी_वही
'फलन' नको, 'फल' म्हणा. फलन म्हणजे फळण्याची क्रिया. आपल्याला क्रिया नको, क्रियेतून हाती आलेलं हवंय. लांबी-रुंदीवरून क्षेत्रफळ, त्यात उंची आली की घनफळ. जुन्या खगोलगणिताच्या सिद्धांत ग्रंथांत ग्रहाचं मंदकेंद्र म्हणजे एक कोन घेऊन त्यावरून मंदफल, म्हणजे ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती, काढतात. केंद्र बदललं की फल बदललं. एका राशीवर दुसरी राशी अवलंबून असते ही कल्पना आपल्याकडे 'फल' याच नावानं नांदत होती, असं माझं ठाम मत आहे. लाइब्निझनं 'फंक्शन' शब्द वापरला तो १६७३ मध्ये, आणि एफ ऑफ एक्स ही खूण ऑयलरची, १७३४ ची. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा आहे.

वर्धा_वाचक
काका, क्षेत्रफळ ही एक किंमत झाली, फंक्शन म्हणजे तो सगळा नियम. एफ वेगळं, एफ ऑफ एक्स वेगळं. तुम्ही दोन्हींना 'फल' म्हणाल तर पोरगं पहिल्याच दिवशी गोंधळेल. 'फलन' म्हणजे नियम आणि 'फल' म्हणजे निघालेली किंमत, अशी वाटणी केली तर दोन्ही शब्द कामी येतात.

मोर्शीवाला
आमच्याइकडे फलन म्हटलं का संत्रा आठवते भाऊ. आंबिया बहार, मृग बहार, फलधारणा झाली का नाई, याच गोष्टी. अन् 'ळ' त आमच्या तोंडात बसतच नाई, आमचे आजोबा 'क्षेत्रफय'च म्हनत. डोळ्याले डोया, काळ्याले काया, तसं. त्याच्यानं कोनाचं वावर मोजाचं राह्यलं नाई. पोट्ट्याईले वर्गात 'फय' म्हनू द्या, समजते ना त्याईले!

वर्धा_वाचक
समजण्याबद्दल वाद नाही. पण परीक्षेत, पुस्तकात एक ठरलेला शब्द लागतो. 'महापौर'ही घडवलेलाच शब्द आहे, आज कोणाला खटकतो? वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा?

धारणीची_ताई
माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कोरकू बोलतात. मराठी त्यांनी शाळेत शिकलेली, इंग्रजी तर त्याहून पुढची. त्यांना फलन काय अन् फंक्शन काय, दोन्ही बाहेरून आलेले. मी त्यांच्यापुढे आधी दोन लंबवर्तुळं काढते, बाण काढायला लावते. डावीकडच्या प्रत्येकातून एकच बाण निघाला पाहिजे, उजवीकडे एकावर दोन बाण आले तरी चालतील. हे हातानं दहा-पंधरा वेळा झालं की मग शब्द देते. शुद्ध-अशुद्धचा हा वाद मला शहरातला वाटतो. मुलगी बारावीनंतर गणित सोडते ती शब्द परका म्हणून नाही, एकदम अनोळखी भाषेत सगळं पुढ्यात येतं म्हणून.

जुनी_वही
ताई, बाणांचं पटलं. पण शब्द परके कसे होतात तेही पाहा. त्रिकोणमितीतली आपली 'ज्या', तिचंच दुसरं नाव 'जीवा'. अरबांनी ती 'जिबा' अशी लिहून घेतली. त्या लिपीत स्वर गाळतात, म्हणून पुढं कोणीतरी 'जैब' वाचलं, त्याचा अर्थ वस्त्राची घडी, खोळ. लॅटिनमध्ये त्याचं झालं 'सायनस', आणि आज आपलीच पोरं तिला 'साइन' म्हणून पाठ करतात. घरचा शब्द असा फिरून येतो तेव्हा मला वाईट वाटतं.

जंगलवाट
आणि 'फंक्शन'चं लॅटिन मूळ म्हणजे काम पार पाडणं. लग्नाचं फंक्शन त्याच कुळातलं. म्हणजे मोर्शीवाले भाऊ वापरतात तोही अर्थ चुकीचा नाही.

मोर्शीवाला
मी कुठी लग्नाचं बोललो? मी संत्र्याचं बोललो.

मास्तर_अचलपूर
फल आणि फलन यांची वाटणी मला आवडली, टिपणांत तशीच घेतो. पण रेंज अजून तशीच आहे. नववीत मुलं 'बहुपदीची किंमत' काढतात, तो शब्द त्यांच्या हाडीमाशी आहे. मग 'किमतींचा संच' असं साधं लिहू का? सहप्रांत म्हणजे ज्या किमती येऊ शकतील असं आपण धरलंय त्या, आणि किमतींचा संच म्हणजे ज्या खरोखर आल्या त्या. सोमवारी तास आहे.

वर्धा_वाचक
तीन शब्दांचा पारिभाषिक शब्द होत नाही सर. 'व्याप्ती' बघा.

धारणीची_ताई
'किमतींचा संच'च लिहा. माझ्या वर्गात मी तसंच म्हणते.

जुनी_वही
मला 'प्रांत'च खटकतो. पश्चिम महाराष्ट्रात 'प्रांत' म्हटलं की प्रांतसाहेब, प्रांत ऑफिस. आपल्याकडे त्यांना एसडीओच (उपविभागीय अधिकारी) म्हणतात. विदर्भातल्या माणसाला प्रांत म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड, आणि ते नाव तर १९५० मध्ये गेलं. हा शब्द गणितात आणला तो पुण्याच्या अंगानं की हिंदीच्या, हे कोणी सांगेल का?