प्रति: एका दिवसात इतके निर्णय?

वर विचारलंय की युरोपियन युनियनचे मंत्री एका बैठकीत एवढे विषय उरकतात कसे. अहो, उरकलेले असतात आधीच! ब्रुसेल्समध्ये १५० हून जास्त कार्यगट आधी मसुद्याचा कीस पाडतात, मग २७ देशांचे राजदूत 'कोरेपर' समितीत घासाघीस करतात. जुळलं ते 'ए' यादीत, मंत्री चर्चेविना मंजूर करतात. अडलेलं 'बी'त.

आमच्या खानापूरकडच्या सोसायटीचंही तेच. सभेत नुसतं 'मंजूर, मंजूर'; खरी वादावादी आदल्या रात्री सेक्रेटरीच्या पडवीत, चहाचं पातेलं दोनदा चढेपर्यंत.

शेतीला मात्र तिकडे १९६० पासून वेगळी विशेष समिती आहे. आपल्या ऊसवाल्यांना हे ऐकून हेवा वाटेल.