ताप गेला, दुखणं राहिलं: तुमचे अनुभव लिहा

कपाशीची_लेक
दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल कोठ्यात आढ्याला खोचलेला आईचा विळा सापडला. मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, वरून सुतळी. हातात घेतला आणि २००६ चं साल जसंच्या तसं समोर उभं राहिलं.

आर्वीकडचं आमचं गाव. त्या पावसाळ्यात घरटी एक तरी माणूस खाटेवर होतं. चिकनगुनिया हे नाव त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू झाला होता, त्यामुळे नावातलं 'चिकन' ऐकून गावाने कोंबडी खाणं सोडलं. डास चावून होतो हे पटायला दिवाळी उजाडली.

आईचा ताप चौथ्या दिवशी उतरला. सगळे म्हणाले, झाली बरी. पण सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत. पाण्याचा गडू दोन्ही तळव्यांत दाबून प्यायची. भाकर थापता येईना. तेवढ्यात सोयाबीन कापायला आलं. मग तिने विळ्याची मूठ चिंधीने जाड करून घेतली, म्हणजे बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. त्याच विळ्याने तिने तीन एकर कापलं. घरात तिला कोणी आजारी म्हटलंच नाही. ताप नव्हता ना! मी नववीत होते, भांडी मलाच का म्हणून रोज चिडायची. ते आता फार टोचतं.

२०२४ ला पोळ्याच्या सुमारास मला झाला. पहाटे पाय जमिनीला टेकवत नव्हते, भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची. नाक काळं पडलं. तीन महिन्यांनी फणीत केसांचे पुंजके यायला लागले. घरात तिघांना झाला, आईला मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही.

तुमच्याकडे काय मागे राहिलं? डेंगू, कोविड, नागीण, काहीही असो. लिहा.

बंडीवाला
नाक काळं म्हणलं अन् मी तिथंच थांबलो ताई. माह्यंही झालं होतं. मले वाटे लिव्हर गेलं. भेवानं कोणाले विचारलं नाई. चार-पाच महिन्यानं आपोआप गेलं. टाचा अजून दुखतात, झडी लागली का जास्तच.

पूर्णाकाठ
विळ्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता कशा आहेत आई?

कपाशीची_लेक
बरी आहे. ६१ ची झाली. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. पण मडक्यावरच्या लांब पोळ्या अजून तिच्याच हातच्या.

झाडीपट्टी
लांब पोळ्या! आमच्या आत्याच्या हातच्या खाल्ल्या होत्या, पार कोपरापर्यंत यायची पोळी. आता तुमसरला लग्नात ऑर्डर देतात. तसं बनवणाऱ्या बाया राहिल्या नाहीत हो.

निवृत्त_सिस्टर
जेवणं आटोपली, आता लिहिते. उपकेंद्रात २८ वर्षं काढली. २००६ ला रोज ओट्यावर रांग असायची, बाया एकमेकींचा हात धरून चढायच्या.

ताप सगळ्यांचाच उतरायचा. पण चाळीस-पंचेचाळीसच्या पुढचं वय, त्यातही बाई, गुडघे आधीच दुखणारे, शुगर, किंवा पहिल्याच आठवड्यात फार जोराचा त्रास झालेला, अशांचे सांधे महिनोन् महिने धरून राहिलेले मी पाहिले. तरणी पोरं बहुतेक महिनाभरात सुटायची. तीन महिने होऊनही सकाळी तासभर बोटं अकडत असतील, सांध्यावर सूज असेल, तर 'वात आला' म्हणून बसू नका. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, जिथे सोयीचं पडेल तिथे दाखवा. त्या संधिवातावर वेगळी औषधं असतात.

आणि ताप असताना डेंगू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, डेंगू निघाला तर रक्तस्राव होऊ शकतो.

रानपाखरू
सिस्टर, पुडीबद्दलही सांगा ना. माझ्या सासऱ्यांना बाजाराच्या दिवशी एक जण सांधेदुखीची पुडी द्यायचा, दोन गोळ्या अन् भुकटी. दुसऱ्याच दिवशी धुऱ्यावर चालत गेले, सगळे खूश. दोन महिन्यांत तोंड गोल झालं, शुगर ३४०. आम्ही घाबरून पुडी एकदम बंद केली, तर उठताच येईना, बीपी खाली. भरती केलं तेव्हा कळलं, स्टिरॉईड होतं. डॉक्टरांनी तेच औषध थोडं थोडं कमी करत आणलं. त्या माणसाकडे अजून गर्दी असते, याचा मला फार राग येतो.

निवृत्त_सिस्टर
बाई, हेच. स्टिरॉईड वाईट नाही, पण ते मोजून देणारा हवा. आणि बरेच दिवस चालू असेल तर एका दिवसात बंद करायचं नसतं.

मास्तर_घाटंजी
माझं कोविडचं. एप्रिल २०२१. सात दिवस घरीच, ऑक्सिजन लागला नाही. शाळा सुरू झाल्यावर फळ्यावर चार ओळी लिहिल्या की धाप लागायची. पोरांची नावं आठवत नव्हती, मी 'तू ऊठ, तू सांग' असं करायचो. वासाचं वेगळंच. आधी गेला, मग उलटा आला. घरी वरणाला फोडणी दिली की जळक्या रबराचा वास. ताटावरून उठून जायचो, बायकोला वाटायचं रागावलो. जवसाच्या चटणीचा खरा वास सव्वा वर्षाने आला. तेव्हा तिला हाक मारून सांगितलं.

संत्राबाग
ओलितावर आलो आहे, लाईट यायची वाट पाहतो. मास्तर, सेम! मला कॉफीचा वास अजून येत नाही.
वरूडकडे कोणी आहे का, संत्र्याच्या आंबिया बहाराला काय भाव लागला?

बंडीवाला
भाव इथं नका काढू भाऊ, त्याचं दुखणं वेगळंच हाय.

झाडीपट्टी
माझ्या मोठ्या भावाचं लिहू की नको करत होतो. कोविडनंतर पंधरा दिवसांनी त्याला म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झाला. शुगर होतीच, दवाखान्यात स्टिरॉईड चाललं, घरी आल्यावर शुगर कोणी तपासली नाही. मीही नाही. एका बाजूचा गाल बधिर झाला, मग वरचे दात हलायला लागले. आम्ही दातवाल्याकडे नेलं, त्यात आठवडा गेला. वरचा अर्धा जबडा काढावा लागला. आता कवळी लावून जेवतो. मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, झाडीपट्टीची नाटकं असतात, त्यात तो गायचा. आता पडद्यामागे बसून पेटी वाजवतो. चांगली वाजवतो.

पूर्णाकाठ
भावाला नमस्कार सांगा.

आमच्या आजीची नागीण. मंत्र टाकला, गेरू फासला. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो या भीतीने घरातले रात्रभर बसून होते. फोड तीन आठवड्यांत वाळले, पण बरगडीवरची आग दोन वर्षं गेली नाही. लुगड्याचा पदर घासला तरी कळवळायची. नंतर कळलं की हा कांजण्यांचाच विषाणू, अंगात दबून राहतो आणि उतारवयात पुन्हा उठतो. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. आमचे ७२ तास गेरूत गेले.

संत्राबाग
लाईट आली. जाता जाता एकच, कुलर. उन्हाळा संपला की आपल्याकडे कुलर तसाच खिडकीत राहतो, तळाला चार बोटं पाणी. पाऊस पडला की तिथेच अळ्या. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाकं, कुलर कोरडं करायचं. हा डास दिवसा चावतो, रात्रीच्या मच्छरदाणीवर भरवसा नको.

नवा_गडी_पुसद
बायकोले चिकनगुनियाचा बारावा दिवस हाय. ताप नाई. कापूस फुटून रायला, ते म्हणते जातो वेचाले. जाऊ देऊ का सिस्टर?

निवृत्त_सिस्टर
नको दादा. पूर्ण झोपूनही ठेवू नका. जमेल तेवढं घरातल्या घरात फिरू द्या, बोटं हळूहळू उघड-मीट करू द्या. दिवसभर बोंडं ओढणं आणि ओटीचं ओझं आत्ता नाही. वय किती? शुगर तपासली का?

नवा_गडी_पुसद
४४. शुगर नाई तपासली. उद्या नेतो.

कपाशीची_लेक
दादा, तिला एक विचारा. गडू, कप धरता येतो का?

नवा_गडी_पुसद
विचारलं. कपाचा कान धरता येत नाई म्हणे. आठ दिवसापासून चहा घेऊन नाई रायली, मी समजत होतो सोडला तिनं.

दवाखान्यातून आलो का मी अन् पोट्टे जातो वेचाले.