बातमी तीच, मग ‘विकाऊ’ कोणाला वाटते? तुमचे अनुभव लिहा

घरात ज्या बाजूचं चॅनल दिवसभर चालतं, त्या घराला बाकी सगळे ‘विकले गेलेले’ वाटू लागतात, असं माझं निरीक्षण आहे. तुमच्याकडे काय चित्र? पक्षाचं नाव नको, उगाच वाद होतील. माणसं कशी बदलली ते सांगा.

कोथरूड
सासरे निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी एकच चॅनल. अँकर ओरडतो, हे मान डोलावतात. पूर्वी दाढी करताना आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकायचे, म्हणून परवा त्याच लावल्या. मंत्र्यांचं एक वाक्य, विरोधकांचं एक वाक्य, मग धरणांतला पाणीसाठा. तर म्हणाले, “बघ, त्यांना किती वेळ दिला!” म्हटलं, बाबा, दोघांना एकेकच वाक्य होतं. “म्हणजे दोघं सारखेच का?” काय बोलणार! त्यांच्या लेखी समान वेळ हाच अन्याय.

सदाशिव पेठ
पुण्याला हे नवं नाही. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला. पण तेव्हा पेपर उघड बाजू घ्यायचा. आता बाजूही घ्यायची आणि वर ‘निष्पक्ष’ म्हणून मिरवायचं.

माजी उपसंपादक
रात्रपाळीला दोन सभांच्या बातम्या सारख्याच कॉलमात लावल्या. सकाळी दोन्हीकडून फोन. एकाला फोटोत मागच्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या, दुसऱ्याला समोरच्यांचा फोटो घडीच्या वर, म्हणजे पानाच्या वरच्या अर्ध्या भागात गेल्याचा राग. दोन्हीकडून शिव्या आल्या की बातमी चोख, असं डेस्कवर म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. भिकार बातमीलाही दोन्हीकडून शिव्या पडतात.

मानसशास्त्र शिकवते
स्टॅनफर्डमधल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांचा १९८५ चा अभ्यास बघा. १९८२ च्या बैरुत हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्या आपल्याच विरोधात वाटल्या. हे सांगितलं की वर्गात हशा पिकतो. मग मी आपल्याकडच्या प्रचाराची क्लिप लावते, आणि हसणारेच एकमेकांवर धावून जातात.

बाणेर
आमची आई दोन्हीकडची चॅनलं बघते आणि दोघांनाही खोटारडे म्हणते. विश्वास फक्त ‘गुरुवारी पाणी बंद’वर. तेवढं वाचलं की बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवते.