मदत हवी आहे: 'डार्क वॉटर्स'च्या मराठी सबटायटलमध्ये अडलेले कायद्याचे शब्द

'डार्क वॉटर्स' (2019) या इंग्रजी चित्रपटात ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कागदांच्या खोक्यांनी वकिलाची खोली भरते, तिथे शब्द येतो 'डिस्कव्हरी'. 'शोध' साफ चुकीचं. 'प्रकटीकरण' कायद्याला धरून आहे (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 11), पण प्रेक्षक अडखळेल. तूर्त 'कंपनीकडून कागदपत्रं मागवली' ठेवलंय.

'क्लास ॲक्शन'ला (अनेक बाधितांच्या वतीने एकत्र लढवलेला दावा) आपला 'प्रातिनिधिक दावा' (आदेश 1, नियम 8) चालेल का?

खरी डोकेदुखी 'मेडिकल मॉनिटरिंग'ची. 'वैद्यकीय देखरेख' म्हटलं की आयसीयूच डोळ्यांपुढे येतो! इथे अर्थ वेगळा: पीएफओए (टेफ्लॉन बनवताना वापरलेलं घातक रसायन) मिसळलेलं पाणी प्यायलेल्या, पण अजून धडधाकट माणसांच्या नियमित तपासण्या, कंपनीच्या खर्चाने. एवढं सगळं 42 अक्षरांच्या दोन ओळींत बसवायचंय. दिवाणी कामं पाहणारे वकील कोर्टात कोणता शब्द वापरतात?